भोगीची गोल भाकरी

भोगीच्या दिवशी विश्रांतवाडीत अशी थंडी पडली होती, की चहा कपात ओतेपर्यंत निवत होता. ऊन होतं, पण नुसतं बघण्यापुरतं. आमच्या शालूचा उजवा हात प्लास्टरमध्ये. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरात झाली नाही, असं आमच्या संसारात कधी घडलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, आज भाकरी मी थापतो.

(इथं मला कुणीतरी आवरायला हवं होतं.)

भाजी तिनं डाव्या हातानं, माझ्यावर डाफरत शिजवली. मग मी पहिली भाकरी थापली. एका बाजूला पोट सुटलेलं, दुसरीकडं शेपूट. पण भाजली झकास, तीळही चिकटले. शालू ताट घेऊन बसलीच होती.

"द्या इकडं," म्हणाली.

पण आदल्या दिवशी मी मोबाईलवर एका बाईंची भाकरी पाहिली होती. पौर्णिमेचा चंद्र उतरवून तव्यावर ठेवावा तशी. शाळेत मला कधी शाबासकी मिळाली नाही (शाळेत मी गेलोच किती म्हणा). एवढी एक गोष्ट तरी फर्स्टक्लास करावी, असं मनानं घेतलं. वाकडी भाकरी शेजारच्या मैनुद्दीनभाईंच्या बकरीसाठी टोपलीत घालून मधल्या भिंतीवर ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. तीही टोपलीत गेली. तिच्या मागून तिसरी.

"अहो, लग्नानंतरची माझी पहिली भाकरी आठवते का?" शालूनं विचारलं.

न आठवायला काय झालं? तेव्हा इथं सगळी शेतं होती. ती फडक्यात भाकरी बांधून बांधावर आली होती. भाकरीला तीन कोपरे आणि मधे भोक. भोकातून विहीर दिसत होती. मी कांदा फोडला, भाकरी खाल्ली आणि उद्या दोन आण म्हणालो. त्या विहिरीवर आता सोसायटीचं पार्किंग आहे, पण चव अजून जिभेवर आहे.

"आठवते की. तीन कोपरे होते."

"मग मला भूक लागलीय."

"पाच मिनिटं."

ती उठली आणि मैनुद्दीनभाईंच्या खातूनभाभींकडं बसते म्हणून शेजारी गेली.

पीठ संपत आलं. शेवटची भाकरी मोडायला नको म्हणून जाडच ठेवली आणि तिच्यावर पातेल्याचं झाकण दाबून कडा कापून टाकल्या. गोल झाली. अगदी गोल. मी फोटो काढला आणि शालूला हाक मारली.

ती हसतच आली. ओठाला तीळ चिकटला होता (तिकडं लाडू मिळाला असणार). तिनं भाकरी मोडली. आत कच्चं पीठ.

"छान गोल झालीय हो. पण आता भूक नाही."

मी भाजी नुसतीच चमच्यानं खाल्ली, आणि ती चंद्रकोर झालेली पौर्णिमा तिच्या तुकड्यासकट भिंतीवर ठेवली.

संध्याकाळी मैनुद्दीनभाई टोपली परत द्यायला आले. बकरीला भाकरी आवडल्या का, मी विचारलं.

"बकरीपर्यंत पोचल्याच कुठं, बजरंगभाऊ? वाकड्या होत्या त्या आम्ही आणि शालूभाभींनी मिळून संपवल्या, काय गोड लागल्या. गोल तेवढी बकरीला टाकली. तिनं हुंगली आणि तोंड फिरवलं."