आप्पांच्या पेपरातलं भोक

आमच्या पेपरला भोक पडलं, त्या सकाळी आईचा चेहराच उतरला. येरमाळ्यात ज्या घरी कुणी आजारी असतं, त्याच घरच्या पेपरला आप्पा भोक पाडतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

आप्पा म्हणजे आमचे पेपरवाले. सत्तरीचे, कपाळाला विभूती, खिशात दाढीचं ब्लेड. सकाळच्या एसटीनं गठ्ठा आला की स्टँडच्या बाकावर बसून ते आधी आजाराच्या बातम्या शोधतात. ‘महाजंतूपुढे औषधांनी टेकले हात’, ‘आता साधा तापही ठरणार काळ’ असं काही तांबड्या अक्षरांत दिसलं की ब्लेड चालवतात. कोणत्या घरी आजारी माणूस आहे, ते त्यांना औषधाच्या दुकानात येणाऱ्यांकडं नुसतं बघून कळतं. कापलेला तुकडा सायकलच्या पिशवीत जातो. कुणी तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, "छापलं म्हणून पोचवलंच पाहिजे असं न्हाय."

तक्रारी तर नेहमीच्याच. बातमीच्या पाठीमागं कुणाचं राशिभविष्य असतं, कुणाचं शब्दकोडं. एकदा पाठीमागं एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात होती. ज्याची सासू आजारी होती, तो कार्यकर्ता पेपर घेऊन स्टँडवर आला आणि साहेबांचं डोकं कुठं गेलं म्हणून विचारू लागला. आप्पा शांतपणे म्हणाले, "महाजंतूच्या मागं हुतं. माझा इलाज न्हाय."

या गोष्टीवर मी लई हसले होते. आमच्या पेपरला भोक पडेपर्यंत.

माझ्या वडिलांचं, दादांचं, हायवेला पंक्चरचं दुकान आहे. पत्र्यानं पोटरी कापली आणि जखम चिघळली. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी जखम सुकल्यासारखी दिसली आणि दादांनी गोळ्या सोडल्या. एका ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं होतं, पेपरात आलंय, जास्त गोळ्या खाल्ल्या की पुढं औषध लागूच होत नाही. म्हणून उरलेल्या गोळ्या त्यांनी फळीवर जपून ठेवल्या, पुढच्या आजारासाठी.

मी धाराशिवला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. औषध मधेच सोडलं तर जंतू पुन्हा उसळी मारू शकतात, हे मी वहीत उतरवून घेतलं होतं. पण दादांसमोर ते नीट सांगता येईना. "दोन वर्षं न्हाय झाली, लगेच डॉक्टरीण झाली का?" ते म्हणाले. संध्याकाळी त्यांची पोटरी हाताला गरम लागली. अंगातही कणकण होती.

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या बातम्या पेपरात कशा येतात ते पाहा, असं काम आमच्या सरांनी दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर जाऊन मी आप्पांची पिशवी मागितली आणि एकेक तुकडा वाचत बसले. मथळा हाताएवढा, शेजारी कवटी नाहीतर दात विचकणारा हिरवा किडा. आणि बहुतेक बातम्यांच्या तळाशी, बारीक अक्षरांत, तीच एक ओळ होती. डॉक्टरांना न विचारता गोळ्या मधेच थांबवू नका.

मी म्हटलं, "आप्पा, ही ओळ आमच्या दादांनी वाचायला पाहिजे होती. ती भोकात गेली."

आप्पांनी तुकडा डोळ्यांजवळ धरला. खालपर्यंत ते कधी वाचतच नसत. मथळा दिसला की कापत. मग त्यांनी बंडीच्या खिशातून पेपरच्या कात्रणाची एक पिवळी पडलेली घडी काढली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सोलापूरला दवाखान्यात होत्या, तेव्हा आप्पा रोज सकाळी त्यांना पेपर नेऊन देत. त्यातच एके दिवशी ‘महाजंतूपुढे औषधांनी टेकले हात’ हा मथळा आला. तेव्हापासून काकूंनी गोळ्या गिळणं सोडलं. काकू गेल्यावर आप्पांना उशीखाली गोळ्या सापडल्या.

"औषधानंच हात टेकले तर म्या कशाला गिळू, म्हणली हुती. मला वाटलं, चेष्टा करती," आप्पा म्हणाले. "ह्याच्या खाली काय लिवलंय, बघ."

मी आधी मनात वाचलं. तीच ओळ होती. खोटं सांगावं असं वाटून गेलं. मग मोठ्यानं वाचलं.

उरलेले पेपर बाकावर तसेच टाकून आप्पा सायकलवरून दादांच्या दुकानावर गेले. मी मागोमाग पळत पोचले, तेव्हा ते म्हणत होते, "बालाजी, डॉक्टरकडं चल. म्या हाय संगं." आईचं आणि माझं न ऐकलेले दादा जॅक खाली ठेवून उठले. डॉक्टर रागावले, आणि त्यांनी दहा दिवसांच्या नव्या गोळ्या दिल्या.

त्यानंतर आप्पा रोज पेपर टाकून आमच्या ओट्यावर बसू लागले. दादांनी गोळी गिळून तांब्या खाली ठेवला की उठायचे. महाजंतूची बातमी असली तर पेपरला भोक असायचंच, पण मथळ्यापुरतं. तळाच्या ओळीखाली तांबड्या पेनाची रेघ.

गोळ्या संपल्या, जखम भरली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात महाजंतूचा भलामोठा मथळा होता, अगदी अख्खा. म्हणजे दादा बरे झालेत, हे आप्पांनाही ठाऊक होतं. तरी ते ओट्यावर बसले.

"बालाजी, घेतली का गोळी?"

मी तोंड उघडणार, तोच दादांनी मला हातानं थांबवलं. ते आत गेले, तांब्या घेऊन दारात आले आणि आप्पांच्या समोर घोटभर पाणी प्यायले.

"घेतली, आप्पा."

मग आप्पांनी सायकलचं स्टँड काढलं.