बेडकाच्या हृदयाचा चौथा कप्पा

"कॉलेज मला सांगू नका," चष्मेवाले म्हणाले. "डोळे बांधून सोडलं तरी थेट प्राणिशास्त्राच्या दारात जाऊन उभा राहीन."

"डोळे कशाला बांधायचे?" बायको आतून म्हणाली. "चष्मा घातला नाही की झालं."

हे त्यांच्या वर्मी लागलं. अर्ध्या गावाच्या नाकावर ज्यांनी चष्मे चढवले, त्यांना स्वतःच्या नाकावर मात्र तो नको होता. आपले डोळे ठणठणीत आहेत आणि हल्ली छपाईच बारीक करतात, असं त्यांचं मत. त्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

प्रश्न लेकीच्या विषयांचा होता. लहानपणी ही मुलगी अंगणात पालथी पडून तासन्‌तास मुंग्या बघायची, म्हणून घरात तिचं नावच मुंगी पडलं. आता तिला जीवशास्त्र घ्यायचं होतं. रसायन वगैरे सक्तीचे विषय होतेच, पण तिचा जीव अडकला होता 'प्राण्यांचं वर्तन' या एकाच विषयात. तो शिकवणाऱ्या बाईंनी उभा जन्म मुंग्यांत घालवला होता आणि हे त्यांचं शेवटचं वर्ष. जागा अवघ्या वीस. हुकली तर हुकलीच.

कॉलेजची पद्धत अशी, की ज्या विभागाचा विषय हवा त्याच्या दारात रांग लावून टोकन घ्यायचं. रसायनाच्या रांगेत मुलांनी स्वतः सही करायची. बाकी विषयांचं टोकन पालकांनी घेतलं तरी चाले. मुंगी रसायनात अडकणार होती. म्हणून जिवावर उदार होऊन तिने ते दुसरं काम वडिलांवर सोपवलं.

"बाबा, जेवणाच्या घंटेपर्यंतच देतात हं. आणि तिथे कुणाला तरी विचारून घ्या."

"मी विचारू? अगं, त्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझं चित्र लावलंय."

हे चित्र म्हणजे घरातला जुना पाहुणा होता. चष्मेवाले तरुणपणी त्याच कॉलेजात जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते. त्यांनी काढलेलं बेडकाचं हृदय इतकं सुंदर झालं, की नव्याने लागलेल्या एका बाईंनी ते स्वतःच्या हाताने भिंतीवर लावलं. त्याच उन्हाळ्यात वडील आजारी पडले, दुकान गळ्यात आलं आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. दुकानापासून कॉलेज दोन गल्ल्या पलीकडे, पण तीस वर्षांत ते फाटकाच्या आत गेले नव्हते. वाईट वाटायचं, दुसरं काही नाही.

त्यामुळे त्या सकाळी आत पाऊल टाकलं आणि त्यांना भरूनच आलं. तीच फरशी, तोच जिन्याचा गुळगुळीत झालेला कठडा, जाळीच्या खिडकीतून येणारा तोच फॉर्मलीनचा वास. निदान त्यांना तरी तो आला.

गडबड केली ती कोटाने. दुकानातून तसेच उठून आल्यामुळे अंगात पांढरा कोट होता. जिन्यापाशी गोंधळून उभ्या असलेल्या नव्या मुलांनी तो पाहिला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"सर, प्राण्यांचं वर्तन कुठे?"

सर! चष्मेवाल्यांची छाती दोन बोटं फुगली. मी सर नाही, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण बाहेर पडलं ते एवढंच, "माझ्यामागून या."

आणि वरात निघाली. वाटेत आणखी मुलं मिळत गेली, कारण पांढऱ्या कोटामागून एवढी मुलं चालली आहेत म्हणजे रांग तिकडेच असणार. चष्मेवाले रंगात आले. "इथे आम्ही पाठ म्हणायचो. या खांबाआड माझा एक मित्र प्रेमात पडला आणि प्राणिशास्त्रात नापास झाला." मुलं माना डोलवत होती. दोघींनी तर लिहूनही घेतलं.

मागच्या जिन्याने वर, उजवीकडचं शेवटचं दार. चष्मेवाले डोळे बारीक न करताच थांबले. "हेच."

"पण सर, पाटीवर तर संख्याशास्त्र लिहिलंय," एक मुलगी म्हणाली.

"पाट्या काय, बदलत असतात," सर म्हणाले आणि आत शिरले.

आत संख्याशास्त्राच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांचा विषय सक्तीचा नव्हता, त्यामुळे त्यांच्या दारात रांग अशी कधी लागलीच नव्हती. दारात पन्नासेक मुलं आणि पुढे एक भारदस्त गृहस्थ बघून त्या उभ्याच राहिल्या.

"सगळे माझ्याकडे?"

"सगळे," चष्मेवाले म्हणाले. "प्राण्यांसाठी आलेत."

"आहेत ना प्राणी," बाई घाईघाईने म्हणाल्या. "सशांची पैदास, तळ्यातले मासे, माझी सगळी उदाहरणं प्राण्यांचीच असतात." आणि कुणाचा विचार बदलायच्या आत त्यांनी टोकनं वाटायला सुरुवात केली. पहिलं चष्मेवाल्यांच्या हातात पडलं. त्यांनी ते लांब धरलं, आणखी लांब धरलं, मान हलवली आणि खिशात घातलं. मग भिंती बघत फिरू लागले. भिंतीवर आलेख होते. त्यातला एक त्यांना जरासा बेडकासारखा वाटलाही.

तेवढ्यात, पांढऱ्या कोटामागून वरात गेल्याचं ऐकून मुंगी धापा टाकत आली. तिने त्यांच्या खिशातलं टोकन काढून वाचलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा, हे संख्याशास्त्र आहे. प्राणिशास्त्र केव्हाच नव्या इमारतीत गेलंय."

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती टोकनाकडे बघत राहिली, आणि तेच त्यांना सोसवेना. आपलं कॉलेज सुटलं ते सुटलं, आता पोरीचंही आपल्याच हाताने घालवलं, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं.

"चल," म्हणाले आणि धावत सुटले. जिना, पटांगण, नवी इमारत. मागे पन्नास मुलं, त्यांच्यामागे संख्याशास्त्राच्या बाई, "अहो थांबा, सशांचं ऐकून तरी घ्या," म्हणत.

प्राणिशास्त्राच्या दारात चिटपाखरू नव्हतं. वीसच्या वीस टोकनं समोर घेऊन एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या.

"संपली?" मुंगीने घाबरत विचारलं.

"सुरूच झाली नाहीत," बाई म्हणाल्या. "दर वर्षी दार मोडायची वेळ येते. यंदा सकाळपासून कुणी फिरकलं नाही. म्हटलं, निघायची वेळ झाली हे मुलांनाही कळलं वाटतं."

पहिलं टोकन मुंगीला मिळालं. चष्मेवाल्यांनी भिंतीला हात टेकून श्वास घेतला, आणि त्या हाताशेजारीच चौकटीत काहीतरी होतं. अंधूक, पण ओळखीचं.

"अजून आहे!" ते म्हणाले.

"हे होय?" बाई हसल्या. "याच्याशिवाय माझा पहिला तास होत नाही. मुलांना सांगते, यातली चूक शोधा."

"चूक?"

मुंगी जवळ गेली. बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात. तुम्ही चार काढलेत."

बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "तो मुलगा तुम्ही? इतकं नाजूक काम होतं, की त्या दिवशी बोलवेना. म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू. तुम्ही आलाच नाहीत."

चष्मेवाल्यांनी कोटाचे खिसे चाचपले. मग म्हणाले, "खोडरबर आहे का?"

बाईंनी आपला चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "आधी नीट बघा तरी." त्यांनी तो नाकावर चढवला आणि तीस वर्षांपूर्वीची एकेक रेघ लख्ख दिसू लागली. कप्पे चारच होते. चौथा तर सगळ्यांत सुरेख जमला होता.

"खोडू मात्र नका," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी नव्या बाई येतील, त्यांना लागेल."

तेवढ्यात पटांगणात सशांपायी अडकलेली मुलं सुटून आत घुसली आणि बाई टोकनांच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. तिघं-चौघं संख्याशास्त्रातच राहिली म्हणतात. तिथे खिडकीतून वारा छान येतो.

घरी येताना मुंगी सारखी तोंडावर हात धरत होती. आनंद झालाय पोरीला, असं समजून चष्मेवाले ताठ मानेने चालत होते. रस्त्यातल्या पाट्याही आज कशा ठसठशीत वाटत होत्या.

"मिळालं," दारातूनच त्यांनी बायकोला सांगितलं. "आणि माझं चित्र अजून आहे. ते काढलं तर कॉलेजचं अडेल, असं खुद्द बाईंचं म्हणणं."

बायकोने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"ते कळलं," ती म्हणाली. "पण हा गुलाबी काड्यांचा चष्मा कुठल्या बाईंचा?"