बायकोच्या मागून मॅरेथॉन

"सर म्हणाले, आता तळलेलं बंद."

चष्मेवाल्याने हातातला घास तसाच धरला. बायको आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळणार, तेव्हा तिचं तळलेलं बंद होणार हे त्याला मान्य होतं. पण ताट त्याचंही कोरडंच होतं.

"माझं का बंद?"

"घरात दोन-दोन स्वयंपाक कोण करत बसणार?"

बायकोने पळायला शिकवणारे सर लावल्यापासून, गेला महिनाभर घरात हेच चाललं होतं. सर म्हणाले लवकर झोपा, सर म्हणाले पाणी प्या, सर म्हणाले तुमच्या पायांत जादू आहे. पायांत जादू! इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या पायांकडे पाहून चष्मेवाला फक्त "चपला बाहेर काढ" एवढंच म्हणाला होता. आणि तिने त्याचं कौतुक केलं होतं तेही एकदाच, त्याने गळका नळ दुरुस्त केला तेव्हा. तो नळ दुसऱ्या दिवशी पुन्हा गळू लागला. सरांचं मात्र काहीच गळत नव्हतं. चष्मेवाल्याच्या पोटात दुखू लागलं, आणि या दुखण्याला जगात औषध नाही.

या सरांना एकदा डोळ्यांनी बघायचंच, असं त्याने ठरवलं. सकाळी बायको बाहेर पडली तसा तोही टोपी घालून, आपल्या चष्म्यांच्या दुकानातला काळा चष्मा लावून मागोमाग निघाला. दुसऱ्या वळणावर बायको दिसेनाशी झाली आणि चष्मेवाला एका बंद बेकरीच्या पायरीवर बसून श्वास शोधू लागला. पाळत ठेवायची तर आधी पळता आलं पाहिजे, हे त्याला तिथे कळलं.

मग त्याने सराव सुरू केला. दुपारी शटर अर्धं ओढून तो दुकानातच पळायचा. एकदा चष्मा न्यायला आलेल्या आजीबाईंनी खाली वाकून आत पाहिलं, तर हा काउंटरभोवती गरागरा फिरत होता.

"अरे, माझा चष्मा घेऊन कुठं पळतोयस?" त्या ओरडल्या.

रात्री तो स्वतःहून भात कमी घेऊ लागला. "बरं नाही का?" बायकोने विचारलं. "जरा पोट जड आहे," तो म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

हळूहळू बेकरी मागे पडली, मग पूल, मग तळं. अखेर एका सकाळी तो बायकोच्या मागून थेट पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचला. तिथे सर होते. घडीच्या खुर्चीत बसलेले, डोक्यावर टक्कल, मांडीवर पोट आणि पोटावर शिट्टी. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो तिथून सटकणार, एवढ्यात सरांनी बोट रोखलं.

"ताई, ते तुमच्या मागचे कोण? काय दम आहे हो! तुमच्यापेक्षा सरस पळतात."

बायकोने वळून पाहिलं. काळ्या चष्म्याला किमतीची चिठ्ठी लटकत होती.

"अहो! तुम्ही? इथे?"

'तुझ्यावर पाळत ठेवतोय' असं सांगण्यापेक्षा बेचाळीस किलोमीटर पळणं त्याला सोपं वाटलं. "मीपण मॅरेथॉन पळतोय," तो म्हणाला, आणि सरांनी त्याचं नाव तिथल्या तिथे नोंदवून टाकलं.

तेव्हापासून सर त्याचं कौतुक करायचे आणि बायको नाक मुरडायची. "तुम्हाला काय, पाय लांब आहेत," एवढंच म्हणायची. चष्मेवाल्याला सरांची शाबासकी नकोच होती. तिच्या तोंडून एक चांगला शब्द हवा होता. तिच्याआधी शर्यत संपवली की मग कुठे जाईल, म्हणेलच काहीतरी, असा त्याचा हिशेब होता.

शर्यतीच्या दिवशी तो पहिल्यांदाच तिच्या पुढे धावला, आणि खरोखरच चांगला धावला. पाय शिव्या देत होते, पण शेवटची कमान समोर दिसत होती. तेवढ्यात त्याच्या मनात पाल चुकचुकली आणि त्याने मागे पाहिलं.

बायको एका उंच, देखण्या तरुणाच्या बरोबरीने धावत होती. नुसती धावत नव्हती, हातवारे करून हसत होती. तरुणही माना डोलवत होता. चष्मेवाल्याची तळपायाची आग मस्तकात गेली आणि तो गर्रकन उलटा फिरला.

"काका, कमान तिकडे!" पाणी वाटणारी मुलगी ओरडली.

"माहितीये! बायको इकडे आहे!"

समोरून येणाऱ्यांना धडका देत तो दोघांपुढे जाऊन उभा राहिला. "हा कोण?"

बायकोने त्याच्याकडे बघितलं, मग कमानीकडे. चेहऱ्यावरचं हसू पार मावळलं. ती त्याला वळसा घालून पुढे निघून गेली.

"तुम्हीच का ते ताईंचे मिस्टर?" तरुणाने धापा टाकत विचारलं. "अहो, मघापासून तुमचंच कौतुक चाललं होतं."

"माझं? काय म्हणत होती?" चष्मेवाल्याने त्याचा हात धरला.

"म्हणाल्या, नवरा असावा तर असा. बायको कुणाशी बोलतेय, हसतेय, काही नाही. सुरुवातीपासून एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही."