मोजे वाळवणारी मोटार

मोटारीची बॅटरी पूर्ण भरायला साडेबारा तास लागतात, ही गोष्ट विक्रेत्याने कवळीवाल्यांपासून लपवली नव्हती. फक्त ती त्याने फार हळू आवाजात सांगितली होती.

कवळीवाले म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारे गृहस्थ. माणूस मापातला. अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या हातचं होतं, स्वतः मात्र ते बेतानेच हसत. त्यांची बायको गावाबाहेरच्या जलतरण तलावावर पोहायला शिकवायची, सकाळी लहान मुलांना आणि संध्याकाळी पेन्शनरांना. गेली वीस वर्षं ती ओल्या केसांनी बसस्टॉपवर उभी राहत होती आणि वीस वर्षं शिंकत होती. "पुढच्या वर्षी गाडी घेऊ," असं कवळीवाले दरवर्षी म्हणत. एका वर्षी त्यांनी ती खरोखरच घेतली, तेव्हा बायकोची शिंक आश्चर्याने अर्ध्यावरच राहिली.

गाडी दोन्हीवर चालणारी होती. घरी प्लगला लावून बॅटरी भरायची, आणि ती संपली की पेट्रोल होतंच. बॅटरीवर ती तलावापर्यंत जाऊन परत येई, त्यापुढे एक फर्लांगही नाही. पेट्रोलचं इंजिन बायकोला चालत नव्हतं. "क्लोरीनचा एक वास पुरे आहे मला," असं तिचं म्हणणं. म्हणजे सकाळची खेप झाल्यावर संध्याकाळपर्यंत बॅटरी पुन्हा भरायला हवी होती. मधे वेळ सात तासांचा. साध्या प्लगवर तेवढ्यात ती जेमतेम अर्धी भरे. मग संध्याकाळी परतताना वाटेत पेट्रोल सुरू होई, आणि घर येईपर्यंत बायकोचं डोकं ठणकू लागे.

वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, आत डोकावला आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"साहेब, आपल्या गावच्या एकशेवीस व्होल्टवर गाडी भरणं म्हणजे चमच्याने हौद भरणं. दोनशे चाळीस व्होल्टचा पॉइंट घ्या. दुप्पट दाब, तारही जाड. साडेतीन तासांत फुल."

"मग बसवा की."

"मी काय, आत्ता बसवतो. फक्त दाबाची परवानगी आणा."

'फक्त' हा शब्द वायरमन, डॉक्टर आणि कचेरीतले लोक ज्या अर्थाने वापरतात, तो अर्थ शब्दकोशात दिलेला नाही. कवळीवाल्यांनी शब्दकोशावर भरवसा ठेवला आणि ते घरगुती दाब नियंत्रण कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

खिडकीतल्या बाई अतिशय सौम्य होत्या. त्यांचे समोरचे दोन दात कवळीवाल्यांनीच बनवलेले असल्याने त्यांच्या तोंडून नकारसुद्धा मोठा सुबक दिसे.

"दोनशे चाळीस? कशाला हवंय?"

"मोटारीला."

"मोटार कशावर चालते?"

"विजेवर. आणि पेट्रोलवर."

"काहीतरी एक सांगा."

"अहो, दोन्हीवर चालते ती."

"'दोन्ही' असा रकाना नाही." बाईंनी नियमांचं पुस्तक त्यांच्याकडे वळवलं. "आणि असता तरी उपयोग नव्हता. नियम सतरा वाचा. निवासी घरात चढा दाब दोनच कामांसाठी. एक, अन्न शिजवणे. दोन, कपडे वाळवणे. तुमच्या मोटारीत अन्न शिजतं?"

"नाही."

"कपडे वाळतात?"

कवळीवाले प्रामाणिक होते, त्यामुळे त्यांनी विचार केला. "वाळतात," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात हिचा टॉवेल मागच्या सीटवर वाळला."

बाईंचा चेहरा उजळला. "मग हे आधी नाही का सांगायचं!" असं म्हणून त्यांनी टेबलाखालून 'वस्त्रशुष्कीकरण यंत्र नोंदणी अर्ज' काढला.

अर्ज भरायला कवळीवाल्यांना दोन दिवस लागले. यंत्राचा पिंपाकृती भाग किती खोल, या प्रश्नापुढे त्यांनी डिकी मोजून लिहिली. क्षमता या रकान्यात आधी 'पाच माणसे' लिहिलं, मग ते खोडून 'साडेतीनशे किलो' केलं. 'यंत्रास चाके आहेत काय?' याचं उत्तर त्यांनी 'होय, चार, शिवाय एक जादा' असं दिलं. खोटं त्यांनी कुठेही लिहिलं नाही. फॉर्मने त्याची गरजच पडू दिली नाही.

पुढच्या सोमवारी तपासनीस आले. त्यांच्या बॅगेत लाखेने सील केलेली एक पिशवी होती आणि पिशवीत शासनप्रमाणित ओले मोजे होते. सहा नग. एक त्यांनी स्टिअरिंगवर वाळत घातला, एक आरशाला टांगला, दोन गिअरवर, एक सीटच्या पाठीवर आणि एक, जागा न उरल्यामुळे, पायाशी. गाडीचा हीटर सुरू केला, दारं लावली आणि घड्याळ हातात घेऊन ते अंगणातल्या खुर्चीत बसले. कवळीवाल्यांच्या आईने त्यांना चहा दिला. चाळीस मिनिटांनी दारं उघडली. मोजे कडकडीत वाळले होते. मात्र ते पाचच होते.

सगळ्यांनी शोधलं. सीटखाली पाहिलं, डिकीत पाहिलं, तपासनिसांनी स्वतःच्या पायातलेही पाहिले. सहावा मिळेना. कवळीवाल्यांना घाम फुटला. शासनाचा मोजा गेला म्हणजे परवानगी गेली.

तपासनीस मात्र प्रसन्न दिसत होते. "एक मोजा गहाळ," त्यांनी अहवालात लिहिलं आणि खाली रेघ ओढली. "वीस वर्षं मी वाळवणयंत्रं तपासतोय. जे यंत्र मोजा खात नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. तुमचं यंत्र अस्सल आहे."

वायरमनने पॉइंट बसवला. बायको सकाळच्या मुलांना शिकवून आली आणि जाड केबल गाडीला लागली. सारं घर अंगणात उभं राहिलं. साडेतीन तासांनी गाडीवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, तेव्हा आईने त्याला नकळत नमस्कार केला. त्या संध्याकाळी बायको तलावावर गेली ती बॅटरीवर, आणि परत आली तीही बॅटरीवर. केस कोरडे, नाक कोरडं. जेवताना ती एकदाही शिंकली नाही, म्हणून कवळीवाल्यांनी दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

हे सुख नऊ दिवस टिकलं.

दहाव्या दिवशी चौकातल्या हवालदाराने गाडी थांबवली. नोंदणीचं लेबल काचेवर ठळक दिसेल असं लावणं सक्तीचं होतं आणि कवळीवाल्यांनी ते ठळक लावलं होतं. हवालदाराने ते दोनदा वाचलं.

"बाई, तुम्ही कपडे वाळवायचं यंत्र रस्त्यावर चालवताय?"

"अहो, मोटार आहे ही!"

"इथे तसं लिहिलेलं नाही."

"चार चाकं दिसत नाहीत का तुम्हाला?"

"चहाच्या ट्रॉलीलाही असतात. म्हणून ती काय हायवेला आणायची?"

"मी आत बसलेय, हातात स्टिअरिंग आहे!"

"तेच तर म्हणतोय. चालू यंत्रात माणसाने बसणं धोक्याचं असतं. आधी बाहेर या."

घरगुती उपकरण घराबाहेर नेण्याची रीत ठरलेली होती, आणि हवालदार रीत मोडणाऱ्यातला नव्हता. त्याने सामान हलवणारा टेम्पो बोलावला. मोटार गोधड्यांत गुंडाळली, दोरीने बांधली, तिच्यावर 'काच, सांभाळून' अशी चिठ्ठी चिकटवली आणि टेम्पोत चढवून घरी पाठवली. सामानाच्या टेम्पोत माणसं बसवत नाहीत, म्हणून कवळीवाल्यांची बायको मागून बसने आली. दार उघडताच ती शिंकली.

कवळीवाले पुन्हा खिडकीशी.

"नोंदणी रद्द करा," ते म्हणाले.

"करू की," बाई म्हणाल्या. "मग ती मोटार होईल. मोटारीला चढा दाब देता येत नाही, म्हणजे पॉइंट काढायला माणूस पाठवते. आणि सरकारी मोज्याच्या अपहाराची चौकशी सुरू होईल."

"अपहार?"

"वाळवणयंत्राने मोजा खाल्ला तर ती घट. मोटारीतून मोजा गेला तर चोरी."

कवळीवाल्यांनी अर्ज परत खिशात घातला. घरी येऊन पाहतात तर तपासनीस नळी आणि डबा घेऊन अंगणात उभे. वाळवणयंत्रात पेट्रोल असल्याची खबर हवालदाराने कळवली होती. "घर पेटवून द्यायचंय का तुम्हाला?" असं विचारत त्यांनी टाकी रिकामी केली. निघताना त्यांनी आणखी एक बारीकशी गोष्ट सांगितली. चढ्या दाबाचं यंत्र विनावापर पडून राहिलं तर परवाना जातो. महिन्याला किमान साठ किलो कपडे वाळायलाच हवेत.

तीन माणसांच्या घरात साठ किलो कपडे कुठून आणायचे? आईने शेजारणींना सांगितलं. शेजारणींनी नणंदांना सांगितलं. बघता बघता अंगणात बादल्यांची रांग लागली. मागच्या सीटवर चादरी, पुढे शर्ट, डिकीत अभ्रे. वायपरवर कोणी पायपुसणं घातलं, त्यावरून आईची आणि समोरच्या वहिनींची तीन दिवस बोलचाल बंद होती. गाडी दिवसातून दोनदा पूर्ण भरे आणि हीटर लावून पुन्हा रिकामी होई. वायरमनचं काम इतकं चोख होतं की एकदाही फ्यूज उडाला नाही.

एका सकाळी बायको पिशवी खांद्याला लावून दारात थांबली.

"अहो, आपल्याकडे गाडी आहे ना?"

"आहे की."

"भरलेली आहे?"

"काठोकाठ."

"मग मी बसने का जातेय?"

कवळीवाल्यांनी नुसतीच तिच्या हातात छत्री दिली. आभाळ मोकळं होतं. तिने छत्रीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि बसस्टॉपकडे निघाली. त्या दिवशी हातातल्या कवळीत त्यांनी एक दाढ उलटी बसवली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

बायको मात्र तलावावरून घरी आलीच नाही. ती थेट चार नंबरच्या खिडकीशी गेली. केसांतून पाणी टपकत होतं, ते नियमांच्या पुस्तकावर पडू लागलं.

"नियम सतरा बदलायचा तर काय करावं लागतं?"

"त्यात काय आहे," बाई पुस्तक मागे ओढत म्हणाल्या. "सोपं आहे. आम्ही घरोघर नोटीस पाठवतो. तीस दिवसांत दहा घरांनी एकेक ओळ लिहून सही करून दिली की बदलला नियम. आजवर कोणी विचारलंच नाही."

खरोखरच नोटीस निघाली. नियम सतरामध्ये 'आणि मोटार' हे शब्द घालावेत काय, एवढाच तिचा मजकूर. खाली सहीला जागा, वर परतीचा पत्ता छापलेला. कवळीवाल्यांच्या अंगणात तर तिच्याविषयी केवढा उत्साह! "अन्यायच आहे हा, वहिनी," समोरच्या बाई वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत म्हणाल्या. "आम्ही लिहिणार म्हणजे लिहिणारच." पलीकडच्या काकांनी तर दहा घरांची काळजीच करू नका म्हणून सांगितलं आणि आपले दोन लेंगे आत टाकले. नवराबायकोने मनाशी घरं मोजली. दहा हवी होती, तोंडी चाळीसच्या वर जमली.

एकतिसाव्या दिवशी कचेरीने उत्तरांची पेटी उघडली. आत दोनच कागद होते. एकावर कवळीवाल्यांची सही, दुसऱ्यावर त्यांच्या बायकोची. पत्ता एकच असल्यामुळे ते मिळून एक घर धरलं. उरलेल्या सगळ्या घरांचं मौन ही संमती मानून, जनतेच्या भरघोस पाठिंब्याने नियम सतरा आहे तसा पुढच्या दहा वर्षांसाठी कायम झाला.

कचेरीने कोणाला वगळलं नव्हतं, हे इथे मुद्दाम नमूद करायला हवं. नोटीस प्रत्येक दारात गेली होती. पिवळसर, जरा जाड कागद. तुमच्याही दाराच्या फटीतून आत आली होती. तुम्ही ती उचललीत, उलटसुलट पाहिलीत, "बघू सावकाश" म्हणालात, आणि चार घड्या करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलीत. टेबल तेव्हापासून अजिबात हलत नाही, हे मात्र कबूल करायला हवं.