रंगात पाणी

गुरुवारी सकाळी माझी बायको सुनंदा गेली. तिने चहा ठेवला होता. मी गॅस बंद केला, समोरच्या शोभाअक्कांना हाक मारली, पुण्याला मुलीला, मुक्ताला, फोन केला. संध्याकाळी स्मशानातून परतलो तेव्हा पातेल्यात चहा होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मागच्या गल्लीतले वसंतनाना द्वारदर्शनाला आले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते अजून गेलेले नाहीत.

हे नीट सांगायला हवं. आमच्या खानदेशात माणूस गेलं की त्या घरी द्वारदर्शनाला जातात. जाऊन नुसतं बसायचं. फार बोलायचं नाही, चहाची वाट पाहायची नाही, आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही, कारण अशा कारणाने त्या घरी पुन्हा येणं होऊ नये. माणसं मुकाट उठतात, चपला घालतात, निघतात. नानाही तसेच निघाले. फक्त ते दुसऱ्या दिवशी चार वाजता परत आले. तिसऱ्या दिवशीही आले. गंधमुक्तीचा विधी झाला, पाहुणे पांगले, मुक्ता पुण्याला गेली, मांडववाल्याने सतरंज्या नेल्या, तरी नाना चार वाजता येतच राहिले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, दाराजवळची खुर्ची. आणि सहाच्या सुमाराला, मी काही सांगत असलो तरी, वाक्याच्या मध्येच उठून न सांगता चालते व्हायचे. मला आधी वाटलं, माझं बोलणं कंटाळवाणं असेल. मी धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, तेव्हा ते कंटाळवाणं असणारच. पण नानांच्या लेखी ते अजून द्वारदर्शनालाच आलेले होते, म्हणून 'येतो' म्हणायचं नव्हतं, एवढंच.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं धुळ्याहून जळगावला राहायला आलो, त्यामुळे या कॉलनीतली जुनी माणसं मला नवीनच होती. नानांबद्दल माहिती मिळाली ती शोभाअक्कांकडून. "नाना पेपर मागच्या पानावरून वाचायला घेतात," त्या म्हणाल्या. "कोण गेलं ते आधी. पुढारी काय म्हणतात ते नंतर, वेळ उरला तर." कोणाच्याही घरी दुःख झालं की नाना तिथे. ओळख असो, नसो. एकदा ते चुकून साखरपुड्याच्या मांडवात जाऊन तासभर मान खाली घालून बसले होते म्हणे. मुलीच्या बापाने शेवटी पेढा हातात दिला, तेव्हा नाना म्हणाले, "आजच्या दिवशी गोड नको."

नोकरी त्यांनी दूध संकलन केंद्रावर केली. गावोगावच्या कॅनमधलं दूध तपासायचं आणि पाणी घातलेलं पकडायचं. यंत्र नंतर आलं. त्याआधी नाना दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेत, नख तिरपं करत, आणि थेंब कसा ओघळतो ते पाहून माणसाला घरी पाठवत. अजूनही कोणतीही पातळ वस्तू समोर आली की त्यांचा अंगठा आपोआप वर येतो. आमटी, औषध, एकदा मी दिलेल्या सरबताचा थेंबसुद्धा त्यांनी नखावर घेतला.

मे महिन्यात मुक्ताचं पार्सल आलं. ती आणि जावई सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर टेबलावर मांडायचा लढाईचा खेळ खेळतात. त्यात अंगठ्याएवढे शिपाई लागतात. ते करड्या प्लॅस्टिकचे येतात, रंग आपण द्यायचा. "बाबा, दिवाळीला मी येईन तोवर रंगवून ठेवा," ती फोनवर म्हणाली. "हाताला काम राहील. तुम्ही पुस्तक उघडता आणि पान उलटतच नाही, मला माहीत आहे." बरोबर होतं. मी बरेच दिवस एकाच पानावर होतो.

टेबलावर शिपाई मांडून मी बघत बसलो. चार वाजता नाना आले, खुर्ची ओढून टेबलाजवळ आणली. इतक्या महिन्यांत ती खुर्ची प्रथमच हलली. तलवारवाला एक शिपाई त्यांनी चिमटीत धरला.

"हाऊ कोठला शे?"

"नाना, तो कल्पनेतला आहे."

"कल्पनेतला, पण कोणता तालुका?"

नाना म्हणाले, गाव माहीत नसताना माणसाला हात कसा लावायचा. मग त्यांनीच एकेकाला गाव दिलं. धनुष्यवाला चोपड्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. लांब दाढीचा जादूगार एरंडोलचा, कारण तो पद्मालयाच्या गणपतीला पायी जाणाऱ्यातला दिसतो. एकाला डोक्यावर शिंगं होती आणि हातात कुऱ्हाड. नानांनी त्याला चष्मा पुसून पाहिलं. "नशिराबादचा. असाच एक जण हायवेवर टायरचं दुकान चालवतो. स्वभावाने गरीब आहे."

रंगाआधी प्रायमर मारायचा असतो, म्हणजे रंग धरतो. ते काम डबीतल्या फवाऱ्याने, मोकळ्या हवेत करा, असं डबीवर लिहिलं होतं. आम्ही दोघं भर दुपारी गच्चीवर गेलो. जळगावच्या मे महिन्यात मोकळी हवा म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला माहीत नसावं. फवारा शिपायांपर्यंत पोचायच्या आत वाळला आणि त्यांच्या अंगावर भुकटी होऊन बसला. नानांनी एकावरून बोट फिरवलं. "रवाळ झालेत. लाडू असते तर जमले म्हटलं असतं." ते सगळे आम्ही दात घासायच्या जुन्या ब्रशने घासले आणि पुढच्या वेळी सकाळी लवकर वर गेलो.

खरी अडचण नंतर आली. मुक्ताने एक व्हिडिओ पाठवला होता. त्यातला मुलगा पहिल्याच वाक्यात म्हणाला, रंगात पाणी घाला.

नानांनी ब्रश खाली ठेवला. "बंद करा ते."

"अहो, तो शिकवतोय."

"भाऊ, मी जन्मभर पाणी घालणारे पकडले. पांढऱ्या दाढीच्या माणसांना लोकांदेखत परत पाठवलं. आता म्हातारपणी मीच घालू?"

त्यांनी घातलं नाही. बाटलीतला रंग जसाच्या तसा लावला. एरंडोलच्या जादूगाराचं नाक गेलं, मग डोळे गेले, शेवटी कणकेच्या गोळ्याला दाढी चिकटवल्यासारखा तो दिसू लागला. चोपडेकराची बोटं धनुष्याला जोडली गेली. माझे शिपाईही काही चांगले नव्हते. मी भीतभीत इतकं पाणी घालत होतो की रंग अंगावर न थांबता सगळा पायाशी जमायचा. नाना माझ्या शिपायाकडे आणि मग माझ्याकडे असं काही बघायचे की मला कॅन घेऊन रांगेत उभं असल्यासारखं वाटायचं.

तडजोड त्या व्हिडिओतल्या मुलानेच केली. पुढे एका ठिकाणी तो म्हणाला, रंग दुधासारखा पातळ हवा.

नाना पुढे सरकले. "परत लावा." मी परत लावलं. "दुधासारखा. असं म्हणाला ना तो?"

"हो."

"कशाच्या? म्हशीच्या का गायीच्या?"

व्हिडिओत ते नव्हतं. नानांना ती गोष्ट फार लागली. असल्या मोघम बोलण्यानेच दूधधंदा बिघडतो, असं ते म्हणाले. पण त्या दिवसापासून ते बशीत रंग घेऊन थेंबाथेंबाने पाणी घालू लागले, थेंब नखावर घेऊन तिरपा करू लागले. आठवड्याभरात त्यांचा नियम ठरला. अंगरख्याला म्हशीचं, चेहऱ्याला गायीचं, आणि घड्यांमधल्या सावलीला, हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला, ज्या गावाहून नेहमी परत पाठवलेले कॅन येत त्या गावाचं. नखावर तेव्हापासून कुठला ना कुठला रंग असतोच. भाजीवाल्याने एकदा विचारलंही, नाना, नेलपॉलिश का.

दोन पातळ हात दिले की नाक-डोळे जागेवर राहतात, हे आम्हाला असं उशिराने कळलं. रंगांच्या पेटीतला कातडीचा रंग गुलाबी होता. तो नानांनी नाकारला. "हे सगळे आजारी आहेत का?" मग तपकिरी, थोडा पिवळा, असं करत उन्हातल्या माणसाचा रंग तयार झाला. डोळे रंगवणं माझ्याकडे होतं. एका भालेवाल्याची बुबुळं दोन दिशांना गेली. "बरं झालं," नाना म्हणाले. "दोन्हीकडून कोण येतं ते दिसेल."

मी पुन्हा थोडं थोडं वाचू लागलो होतो. सकाळी पुस्तक, चार वाजता शिपाई. पावसाळा संपत आला तेव्हा बहुतेक शिपाई उभे राहिले होते, आणि चांगले दिसत होते.

तेव्हा काम मागे जायला लागलं.

टेबलाच्या कोपऱ्यात रंग उतरवायच्या द्रावणाचा एक चंबू असतो. बिघडलेला शिपाई त्यात बुडवला की रंग सुटतो. एक दिवस बघतो तर त्यात चोपडेकर. "त्याच्या टोपीला डाग होता," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी जादूगार. नंतर नशिराबादकर, शिंगांसकट, ज्याच्यासारखं काम आमच्याच्याने पुन्हा होणार नव्हतं.

"नाना, हा तर उत्तम झाला होता."

"कुऱ्हाडीची धार बरोबर नव्हती."

"मुक्ता दिवाळीला येते आहे. तोवर व्हायला हवेत."

"इतली घाई कसानी?"

"घाई नाही. पण संपवायचे आहेत ना?"

नाना बराच वेळ ब्रश धूत राहिले. पाणी स्वच्छ झालं तरी धूत होते. मग माझ्याकडे न बघता बोलले. "भाऊ, दुःखाच्या घरी माणूस वर्षभर बसला तरी कोणी काही म्हणत नाही. पहिली दिवाळी झाली की विचारतात, कसं काय येणं केलं? मग काहीतरी काम सांगावं लागतं. माझं तर कोणाकडे काही काम नसतं."

एवढं म्हणून ते उठले आणि न सांगता गेले.

संध्याकाळी शोभाअक्का भाजी घेऊन आल्या. मी नानांच्या घरचं विचारलं. त्यांच्या पत्नी इंदूवहिनी गेल्या हे मला माहीत होतं, कशा ते नव्हतं. "कोरोनात," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी. दवाखान्यातून परस्परच नेलं. नाना एकटे घरी आले. दुसऱ्या दिवशी चार वाजता टोपी घालून, दार उघडं टाकून, अंगणात खुर्च्या मांडून बसले. द्वारदर्शनाला लोक येतील म्हणून. कोण येणार हो तेव्हा? रस्त्याला माणूस नव्हतं. आम्ही गच्चीवरून हात जोडले. ते बरेच दिवस तसे बसत होते. मग एकेक खुर्ची आत नेली त्यांनी."

दुसऱ्या दिवशी मी नाना यायच्या आधीच निघालो. कपाटातून टोपी काढली, ती सुनंदाच्या दिवसकार्याच्या वेळची होती. नानांचं घर मागच्या गल्लीत आहे. ते चपला घालत होते.

"मी तुमच्याकडेच निघालो होतो," ते म्हणाले.

मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो आणि मान खाली घातली. नाना एका पायात चप्पल घालून उभे राहिले. त्यांनी माझ्या टोपीकडे पाहिलं. मग चप्पल काढली, आत आले आणि समोर भिंतीशी जमिनीवर बसले, जिथे दुःखातली माणसं बसतात तिथे.

मग नाना बोलू लागले, गावाकडच्या बोलीत, जी ते माझ्याशी एरवी तुकड्यातुकड्याने बोलत.

"घरना दूधमा ती पानी टाके," ते म्हणाले. "इंदू. चार वाजता चहाले कोनी ना कोनी येवाना. बठ्ठास्ले, सगळास्ले पुराले पाहिजे ना? म्हनीसन टाके. माले पहिला घोटमा समजे. गावना लोकेस्ना कॅन मी परत धाडू, अन् घर ईसन हाई दूध पेऊ." अंगठ्याच्या नखावर कालचा निळा रंग होता, तो त्यांनी दुसऱ्या बोटाने खरवडला. "मी कधी काही बोलनू नही. तिले वाटे, माले समजत नही."

मी सहा वाजेपर्यंत बसलो. मग उठलो, चपला घातल्या आणि न सांगता घरी आलो.

त्यानंतरच्या दिवशी नाना चार वाजता आले, टोपी न घालता. आल्या आल्या चंबूतला नशिराबादकर काढून पुसला आणि अंगरख्यासाठी रंग कालवायला घेतला. मी पलीकडून म्हटलं, दिवाळी झाली तरी मला ब्रश धुवायला माणूस लागेल. नाना म्हणाले, "पगार काय द्याल?" आणि थेंब नखावर घेतला.

दिवाळीत मुक्ता आली. तिने टेबलावर खेळ मांडला, नियम समजावले, नानांना धनुष्यवाला दिला आणि म्हणाली, समोरच्या जादूगारावर बाण सोडा. नानांनी नकार दिला. दोघं व्याही आहेत, म्हणाले.

"नाना, ते शत्रू आहेत."

"असतील. पण लग्नाच्या वर्षात नको."

आम्ही सपशेल हरलो. मुक्ता जाताना शिपायांची नवीन पेटी ठेवून गेली.

आता चार वाजता कधी नाना माझ्याकडे असतात, कधी मी त्यांच्याकडे. घरात सुनंदाच्या साड्यांचं कपाट आहे, माझी पुस्तकं आहेत, आणि टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर नव्या पेटीतला एक घोडा ठेवला आहे. त्याला प्रायमर झाला आहे, रंग व्हायचा आहे.