आगाशे मास्तरांचा वायू

आगाशे मास्तर सोडा लगेच पीत नसत. आधी बाटलीच्या तोंडाला नळी लावून आतला वायू मोजत, मग उरलेलं बेचव पाणी पिऊन म्हणत, "आकडा मिळाला. चव काय, कुणालाही मिळते."

विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. पौडला माझ्या घराच्या पुढच्या खोलीत एकटे राहत. ध्यास एकच : आम्लधर्मी वायू कशात किती विरघळतो. संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल टाकून कर्बवायू काढायचा आणि पाण्याला, रॉकेलला, स्पिरिटला पाजायचा. "पाणी एक माप प्यायलं तर स्पिरिट तीन पितं," हे ते दूधवाल्यालाही ऐकवत. डोळे अधू झाल्यापासून नळीवरचा आकडा मी वाचून देई. दशांशाचीही चूक मी होऊ दिली नाही.

दारूबंदीचे दिवस. एका सकाळी जमादार दारात उभे.

"मास्तर, स्टोव्ह किती हायेत?"

"एक."

"आन् स्पिरिटच्या बाटल्या अकरा? पिता व्हय?"

"मी नाही. स्पिरिटच पितं!"

"मग चला कचेरीत, बाटल्या घिऊन."

मास्तर पांढरे पडले. "बाटल्या नेऊ नका हो. माझं सगळंच थांबेल." घर माझं, तेव्हा कचेरीत माझंही नाव जाणार होतं.

मास्तरांनी घाईघाईनं दोन रिकाम्या बाटल्यांत वायू भरला. एकीत चार चमचे पाणी घातलं. "तोंडावर अंगठा दाबा आणि हलवा." जमादारांनी हलवली. अंगठा जरासा ओढला गेला. दुसरीत चार चमचे स्पिरिट घातलं. ती हलवली मात्र, जमादार ओरडले, "आरं, सोडंना की! भूत हाय का काय आत?"

"वायू स्पिरिटमध्ये मुरला. आत पोकळी झाली, म्हणून ओढतंय."

अंगठा सुटला आणि जमादार खो खो हसले.

"ऱ्हाऊ द्या बाटल्या. पर मास्तर, ह्ये मोजून करायचं काय?"

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "मुलीला कळवतो. नागपूरला रसायनशास्त्र शिकवते. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, मी गेलो नाही. खुशाली लिहिली तर उत्तर येत नाही. आकडा चुकला, की मात्र उलट टपाली दुरुस्तीचं कार्ड येतं. हे अण्णा नळी वाचायला लागल्यापासून आकडे चुकत नाहीत."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, तुमी लई बरोबर वाचताय की!"

त्या संध्याकाळी नळी दोन पूर्णांक आठ दशांश दाखवत होती.

"तीन पूर्णांक आठ," मी म्हटलं.

मास्तरांनी नागपूरच्या कार्डावर तसंच लिहिलं. पुन्हा बघा, असं म्हणाले नाहीत.