निळ्या पोटाचा बगळा

रविवारी फ्रेडरिक सरांच्या घरी जाऊन त्यांच्या जीनाला मागणी घालायची, हे आग्नेलच्या घरात ठरलं होतं. सरांच्या घरात काहीच ठरलं नव्हतं, कारण सरांच्या मते आग्नेल हा पक्ष्यांच्या बाबतीत बेजबाबदार मुलगा होता.

सर माणिकपूरचे, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक आणि ‘पंखवाले’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन. ग्रुपवर फक्त रानातल्या पक्ष्यांचे फोटो टाकायचे, गुड मॉर्निंग टाकायचं नाही, आणि तीनदा चुकीचा पक्षी सांगितला की बाहेर. आग्नेलच्या दोन चुका भरल्या होत्या. पहिल्यांदा त्याने भुईगावच्या माडावर बसलेलं पांढरं घुबड टाकलं. ती पिशवी निघाली. दुसऱ्यांदा त्याने थेट सैबेरियाहून आलेला हंस टाकला. ते शेजारच्या मार्गारेट आंटींनी नाताळसाठी पाळलेलं बदक होतं आणि ‘राजू’ म्हटलं की ते धावत यायचं.

“ज्याला घुबड आणि पिशवी यातला फरक कळत नाही, त्याला मुलगी काय म्हणून देऊ?” असं सर जेवताना म्हणाले होते. पिशवी फार उंचावर होती, असं जीनाने सांगून पाहिलं. घुबडही उंचावरच बसतं, असं म्हणून सरांनी डाळ वाढून घेतली.

गुरुवारी आग्नेल पाचूबंदरला सेबेस्टियनमामाची होडी रंगवायला गेला. मासेमारीची बंदी उठायला आठवडा उरला की सगळं बंदर डबे आणि ब्रश घेऊन बसतं. किनाऱ्याकडची बाजू घासायचं काम आग्नेलकडे आणि पाण्याकडची रंगवायचं मामाकडे. मध्ये अख्खी होडी. त्यामुळे कोण काय करतंय हे एकमेकांना दिसत नव्हतं, आणि दोघांचीही त्याला हरकत नव्हती.

दोनच्या सुमारास आग्नेल हात धुवायला खाली गेला, तर समोर चिखलात एक बगळा उभा. पोट निळं. डावा पाय लाल, उजवा हिरवा.

आग्नेलने फोटो काढला. त्याच्या आयुष्यातला तो पहिलाच न हललेला फोटो. आता नाव चुकलं तर ग्रुपही गेला आणि रविवारही. म्हणून बराच विचार करून त्याने खाली लिहिलं, ‘नाव माहीत नाही. तज्ज्ञांनी सांगावं.’

सरांचं उत्तर एरवी एका शब्दाचं असायचं. ‘साळुंकी.’ किंवा ‘कावळा.’ आज त्यांनी लिहिलं, ‘निळ्या पोटाचा बगळा. वसईत प्रथमच. जागा सोडू नकोस, मी निघालो.’ आणि तोच फोटो त्यांनी आणखी चार ग्रुपवर पाठवला.

ही आनंदाची बातमी द्यायला आग्नेल होडीला वळसा घालून मामाकडे गेला. मामा निळा पट्टा मारत होता. खाली लाल पट्टा, त्याखाली हिरवा.

“मामा, तो बगळा—”

“त्याचं नाव नको काढू. सकाळपासून तीनदा येऊन बसला. पावसाळी हवेत रंग आधीच वाळत नाय. लावायचा मी आनि न्यायचा त्याने.”

आग्नेलने फोटो काढून टाकायला फोन उघडला, पण तोवर उशीर झाला होता. ग्रुपवर अर्नाळ्याच्या हंसाताईंना तोच पक्षी सकाळी दिसल्याचं आठवलं होतं. कामणच्या कल्पेशला तो गोडाउनच्या पत्र्यावर दिसला होता, जोडीने. हरेश्वरकाकांच्या आजोबांच्या वेळी म्हणे मिठागरांवर असे थवेच्या थवे उतरायचे. फोटो कोणाकडेच नव्हता, सगळ्यांचे फोन नेमके चार्जिंगला होते. अर्ध्या तासात त्या पक्ष्याला जोडीदारीण मिळाली, इतिहास मिळाला आणि त्याची संख्या घटत चालल्याबद्दल दोघांनी चिंताही व्यक्त केली.

आग्नेलने जीनाला फोन लावून सगळं सांगितलं.

“पप्पांना आत्ता नको सांगू यार,” ती म्हणाली. “पांढऱ्या शर्टावर नवी पांढरी पँट घालून गेलेत.”

“मग कधी सांगू?”

“लग्नानंतर.”

सर रिक्षातून उतरले तेव्हा चिखलात तीन बगळे होते. मधल्या वेळात आणखी दोघे होडीवर टेकून गेले होते.

“निळा तो नर,” सर कुजबुजले. “लाल ती मादी. आणि तो अर्धवट हिरवा आहे ना, ते पिल्लू.”

“सर, मला एक सांगायचंय.”

“पक्ष्यांसमोर नाही.”

फोटो काढताना हात स्थिर राहावा म्हणून सर होडीच्या काठाला पाठमोरे टेकले. मामाने तोंड उघडलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. मामाने पुन्हा उघडलं. सरांनी पुन्हा बोट ठेवलं. मग मामा विडी ओढायला निघून गेला.

वीस मिनिटांनी सर उठले. पँट किंचित उशिरा उठली. सरांनी मागे हात लावून पाहिला. मग हाताकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, बगळ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं मुलांना निरीक्षण आणि अनुमान शिकवलेला माणूस तो. तीन निरीक्षणांत अनुमानाला पोचला.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“फोटो टाकल्यावर कळलं, सर.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“पक्ष्यांसमोर नको म्हणालात.”

आग्नेलने अतिशय नम्रपणे आठवण करून दिली की त्याने फोटोखाली नाव लिहिलं नव्हतं. नाव सरांनी सांगितलं होतं. पाच ग्रुपवर.

“आणखी कोणाला ठाऊक आहे?”

“मामाला. आणि जीनाला.”

“जीना घरचीच,” सर बोटं मोजत म्हणाले. “म्हणजे बाहेरचे फक्त तुम्ही दोघं.” त्यांनी मान वळवून पँटवरचे तिन्ही पट्टे पाहिले. “रविवारी किती वाजता येताय?”

“अकराला.”

“मामांना आणायला विसरू नकोस.”

परतताना सर रिक्षात वर्तमानपत्र पसरून बसले, आग्नेल शेजारी. तेवढ्यात दोघांचे फोन वाजले. पक्षी बघायला कल्पेश कामणहून तातडीने आला होता आणि त्याने लांबून, झाडीआडून एक धूसर फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. वर पांढरं, खाली पांढरं, मधे निळं, लाल, हिरवं. ‘आत्ताच पाचूबंदरला. तोच पक्षी, पण खूपच मोठा. चालतोय, उडत नाही.’

खाली बावीस अंगठे आले होते. हंसाताईंना हाही सकाळी दिसला होता. आता सगळे अ‍ॅडमिनच्या उत्तराची वाट पाहत होते.

सरांनी फोटो मोठा केला. लहान केला. चूक म्हणावं, तर बरोबर काय ते सांगणं अ‍ॅडमिनला भाग होतं. आग्नेल रिक्षाबाहेर बघत राहिला. जावयाने अशा वेळी बाहेरच बघायचं असतं, हे त्याला कोणी न सांगता कळलं.

माणिकपूर येईपर्यंत सर विचार करत होते. उतरण्याआधी त्यांनी लिहिलं, ‘प्रौढ नर. कोणीही जवळ जाऊ नये.’